सीमेवरचा मोगली

आमच्या काकांच्या शाळेच्या दाखल्यावर जन्मस्थळ आहे ‘नागपूर, मध्यप्रदेश’. साल 1952. पेन्शनच्या कागदांच्या वेळी एका कारकुनाने त्याखाली पेन्सिलीने रेघ मारून प्रश्नचिन्ह काढलं होतं. खरं तर दाखला बिनचूक होता. तेव्हाच्या मध्य प्रदेशाची राजधानी नागपूरच होती आणि आमचं जबलपूरही त्याच राज्यात. 1 नोव्हेंबर 1956ला वाटणी झाली. विदर्भ मुंबई राज्यात गेला, राजधानी भोपाळला गेली आणि जबलपूरच्या पदरात हायकोर्ट पडलं. राजधानी जबलपूरच व्हायला हवी होती, हे काका आजही पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ऐकवतात.

जबलपूरच्या व्हेइकल फॅक्टरीत शक्तिमान ट्रकांवर त्यांची उमेदीची वर्षं गेली आणि मग घर झालं रिछाईत. औद्योगिक वसाहतीचा शेजार, शेडमधून येणारा लोखंडाचा खडखडाट आणि घरात जबलपुरी मराठी, म्हणजे निम्म्या वाक्यानंतर हिंदीत उतरणारी. नागपूरला ते कितीदा गेले असतील, पण झोपेत, रात्रीच्या बसने. ‘एकदा दिवसाउजेडी बॉर्डर बघायची आहे,’ म्हणाले. भाच्याला वाघ बघायचा होता. वहिनींना कुठेही चाललं असतं. दोन्ही इच्छांना दोन राज्यांच्या सीमेवरचं, जंगलालगतचं खवासा पुरेसं होतं.

लखनादौन, सिवनी, मग कुरईचा घाट. घाटातला नवा उंच रस्ता चांगला आहे, तक्रारीला जागा नाही. जनावरांनी खालून जावं, माणसांनी वरून, आणि गाड्यांच्या आवाजाचा त्यांना त्रास होऊ नये म्हणून कडेला भिंती. फक्त त्या भिंतींमुळे जंगल दिसत नाही. जंगल बघायला निघालेल्या आमच्या गाडीतून अर्धा घाट पत्रे बघण्यात गेला.

खवासा म्हणजे हमरस्त्यावरचं गाव. जीएसटी आल्यापासून विक्रीकराचे नाके गेले, त्यामुळे करासाठी सीमेवर थांबायचं कारण उरलेलं नाही. ट्रक न थांबता जात होते. काका गाडीतून उतरून पुढे चालत गेले. स्वागताच्या पाटीपलीकडे आणखी एक पाटी, इकडे साग, तिकडे साग. चहावाला हिंदीत बोलला. हद्दीपलीकडून आलेल्या मोटरसायकलवाल्याला काकांनी हौसेने मराठीत विचारलं, ‘काय हो, कुठले?’ तो म्हणाला, ‘देवलापार,’ आणि पुढचं सगळं हिंदीत. काकांचा चेहरा पडला. मला मात्र तो माणूस बरोबर वाटला. इथे पिढ्यान्‌पिढ्या गोंडी, हिंदी, मराठी एकाच बाजारात वावरतात. सीमा आली आहे 1956ला, तीही फायलीतून.

खवाशाहून आत टुरियाकडे वळलं की दुसरंच राज्य सुरू होतं, मोगलीचं. रिसॉर्टांच्या फाटकांवर मोगली, ढाब्यावर बघीरा, टोप्या विकणाऱ्याकडे शेरखान. दूरदर्शनवरच्या त्या जपानी कार्टूनचं गाणं भाचा अख्खं म्हणाला. तो जन्मायच्या आधीचं! किपलिंगने ‘जंगल बुक’ लिहिलं ते अमेरिकेतल्या व्हरमाँटमध्ये, 1894ला ते छापून आलं. सिवनीच्या डोंगरांचं वर्णन त्याने स्टर्नडेलसारख्यांच्या पुस्तकांवरून उचललं. त्याबद्दल माझा राग नाही, गोष्ट उत्तम आहे. पण ज्या गावाला स्वतःची गोष्ट आहे, त्याने दुसऱ्याची इतकी मिरवावी का?

दुपारच्या जंगलफेरीत चितळ भरपूर, एक गवा, वानरं. पांढऱ्या खोडाचं कुल्लूचं झाड उन्हात एकटं उभं. एका पाणवठ्यावर आठ-दहा जिप्सी एकमेकींच्या मागे उभ्या राहिल्या, इंजिनं बंद, सगळ्यांचे मोबाइल वर. वानराने हाक दिली, सगळे सावरून बसले, आणि काही झालं नाही. आमच्या गाइडने मग भरपाई म्हणून कॉलरवालीची कहाणी सांगितली. 29 बछड्यांना जन्म देणारी ही वाघीण जानेवारी 2022मध्ये वारली, गावच्या लोकांनी हात जोडून तिला निरोप दिला. सांगताना त्याचा आवाज बदलला. दिवसभरात ऐकलेलं हे एकच बोलणं, जे कोणी कोणाला विकत नव्हतं.

परतताना काकांनी त्यालाच विचारलं, ‘ते सत्याग्रहवाले टुरिया हेच ना?’ हेच. 1930 साली लोकांनी सरकारी जंगलातलं गवत कापून कायदा मोडायचं ठरवलं. 9 ऑक्टोबरला पोलिसांनी गोळी चालवली आणि चौघं गेली. त्यांत तिघी बायका होत्या, विळा घेऊन आलेल्या गोंड बायका. गांधीजींनी मीठ उचललं ते शाळेत शिकवलं जातं. गवत उचलणाऱ्यांसाठी गावात स्मारक आहे, पण संध्याकाळच्या त्या गर्दीत एकही जिप्सी तिकडे वळली नाही. आमची गाडीसुद्धा नाही, अंधार पडत होता आणि वहिनींना घाट लवकर ओलांडायचा होता. तेव्हा सीमा नव्हती. नागपूर, सिवनी, जबलपूर, सगळी एकाच प्रांतात, एकाच सरकारच्या बंदुकीसमोर. काकांच्या दाखल्याला सगळ्यात जवळचं काही या प्रवासात असेल तर हेच होतं, आणि आम्ही ते खिडकीतून बघितलं.

लखनादौनला जेवताना भाचा फुरंगटून बसला होता. वाघ नाही तर नाही, निदान मोगलीची टोपी तरी घ्यायला हवी होती, म्हणाला. वहिनींनी पैसे किती गेले याचा हिशेब मांडायला घेतला आणि अर्ध्यात सोडला. ‘परत जायचं का पण?’ भाच्याने विचारलं.

‘जाऊ,’ काका रोटीचा तुकडा मोडत म्हणाले. ‘पण बुधवारी दुपारी. तेव्हा पार्क बंद असतं.’