कॅल्शियमची लय आणि जनुकांची निवड

विश्रांत पेशीच्या पेशीद्रव्यात मुक्त कॅल्शियम जेमतेम १०० नॅनोमोलर असते. पेशीबाहेर ते सुमारे दहा हजार पट. ही तफावत राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. म्हणूनच पटलातील थोडीशी द्वारे उघडली तरी आत ठळक संदेश उमटतो. तो जनुकांपर्यंत कसा पोहोचतो, हे टी-पेशीत फार स्वच्छ दिसते.

प्रतिजन ओळखला गेला की आयपी-३ हा रेणू तयार होतो आणि आंतर्द्रव्यजालिकेतील साठा सुटतो. साठा रिता होताच स्टिम-१ हे प्रथिन पेशीपटलातील ओराय-१ द्वारे उघडते. बाहेरचे कॅल्शियम आत येत राहते. कॅल्शियम धरलेले कॅल्मोड्युलिन कॅल्सिन्युरिन या विकराला कार्यान्वित करते. ते एनफॅट या प्रथिनावरचे फॉस्फेट काढते, मग एनफॅट केंद्रकात शिरते आणि एपी-१च्या साथीने इंटरल्युकिन-२च्या जनुकाचे प्रतिलेखन सुरू होते. अवयवरोपणानंतर दिले जाणारे सायक्लोस्पोरिन कॅल्सिन्युरिनलाच अडवते.

या साखळीचा सर्वांत देखणा भाग म्हणजे तिचे कालभान. कॅल्शियम उतरले की एनफॅटवर पुन्हा फॉस्फेट चढते आणि ते काही मिनिटांत केंद्रकाबाहेर पडते. त्याला थोडे, पण टिकून राहणारे कॅल्शियम लागते. एनएफ-कप्पा-बी या जनुके जागवणाऱ्या दुसऱ्या प्रथिनाला रोखणारे प्रथिन मात्र एकदा नष्ट झाले की नव्याने बनायला वेळ लागतो. त्यामुळे कॅल्शियमची एक मोठी, अल्पजीवी लाटही एनएफ-कप्पा-बीला पुरते. कोणते जनुक जागे होणार, हे केवळ कॅल्शियमच्या प्रमाणावर ठरत नाही.

कॅल्शियमची ही लय टिपताना मोजणाऱ्याचा कस लागतो. रॉजर त्सियन यांच्या गटाने १९८५ मध्ये मांडलेले फ्युरा-२ हे रंजक ३४० आणि ३८० नॅनोमीटरच्या प्रकाशात आळीपाळीने पाहतात; दोन्ही वेळी रंजकातून निघणाऱ्या उजेडाच्या गुणोत्तरावरून कॅल्शियम कळते. रंजक जास्त भरले तर तेच कॅल्शियम धरून ठेवते आणि लाटा बोथट होतात. असंख्य पेशींची सरासरी घेतली तर वेगवेगळ्या क्षणी उठलेल्या लाटा एकमेकींत विरतात. एकेक पेशी पाहण्याला पर्याय नाही.

नुसत्या निरीक्षणातून कारण मात्र सिद्ध होत नाही. म्हणून डॉल्मेच, शू आणि लुइस यांनी १९९८ मध्ये लय बाहेरूनच लादली. थॅप्सिगार्गिनने साठे रिकामे करून द्वारे उघडी ठेवली आणि बाहेरच्या द्रावणातील कॅल्शियम ठरावीक अंतराने बदलले. विरळ लाटांनी एनएफ-कप्पा-बी तेवढे जागे झाले. लाटा जलद झाल्या तेव्हा एनफॅटही.