आजोबांचा मित्र जॉर्ज

लहानपणी माझी पक्की समजूत होती की, आजोबांच्या ऑफिसात जॉर्ज नावाचे एक महाविक्षिप्त गृहस्थ आहेत. ‘त्या रात्री जॉर्ज असा काही अडून बसला...’ अशी सुरुवात झाली की आजी हळूच किचनमध्ये सटकायची. आजोबा सत्तरच्या दशकात पुण्यातल्या एका कंपनीत कम्प्युटर ऑपरेटर होते. नाइट शिफ्ट, एसीची खोली, अंगात स्वेटर आणि सोबतीला जॉर्ज.

आजोबा २०१४ मध्ये गेले. २०१८ मध्ये आमची बिल्डिंग रीडेव्हलपमेंटला गेली आणि माळा रिकामा करायचं काम माझ्या गळ्यात पडलं. दोन खोकी निघाली. एकात भोकं पाडलेली कार्डं, दुसऱ्यात घड्याघड्यांच्या कागदाचे गठ्ठे. मास कॉमची परीक्षा तोंडावर होती. मी सरळ रद्दीवाल्याला हाक मारली. आलेल्या पैशांत भेळ खाल्ली, हेसुद्धा आठवतंय!

गेल्या वर्षी एका फीचरसाठी जुन्या कम्प्युटर्सबद्दल वाचत होते आणि अचानक जॉर्ज भेटला. तो माणूस नव्हताच! ती होती ब्रिटिश आयसीटी कंपनीच्या (म्हणजे १९६८ नंतरच्या आयसीएलच्या) १९०० मालिकेतल्या कम्प्युटर्सची ऑपरेटिंग सिस्टिम. कंपनी सांगायची की, ‘जनरल ऑर्गनायझेशनल एन्व्हायर्नमेंट’चं ते लघुरूप. पण आतली मंडळी म्हणायची, छे हो, आमच्या जॉर्ज फेल्टनचं नाव दिलंय. कंपनीच्या बेसिक प्रोग्रॅमिंग विभागाचे हे प्रमुख. लोकांची कामं कार्डांवरून वाचायची, रांगेत लावायची आणि एकाचं छापून होईपर्यंत दुसऱ्याला मशिनवर घ्यायचं, हा जॉर्जचा दिनक्रम. त्यातल्या काही कल्पना मँचेस्टरच्या १९६२ सालच्या अ‍ॅटलस कम्प्युटरकडून आलेल्या.

खरं सांगू? कम्प्युटरचा इतिहास म्हटलं की मला कॅलिफोर्नियातलं गॅरेजच आठवायचं. पण ऑफिसच्या कामाला जुंपलेला पहिला कम्प्युटर कोणाचा होता, माहितेय? लंडनच्या लायन्स कंपनीचा, म्हणजे चक्क चहाची दुकानं चालवणाऱ्यांचा. १९५१ मध्ये त्यांचा ‘लिओ’ बेकरीचा हिशोब करू लागला होता!

ही मशिन्स बहुतेक भंगारात गेली. पण १९८९ मध्ये ब्रिटनमध्ये कम्प्युटर कॉन्झर्वेशन सोसायटी स्थापन झाली. त्यातले कित्येक जण निवृत्त इंजिनीअर. त्यांच्या नियतकालिकाचं नावच ‘रिझरेक्शन’, म्हणजे पुनरुत्थान. लिओच्या तिसऱ्या पिढीतल्या मशिनचं सॉफ्टवेअर त्यांनी कसं परत आणलं? एका जुन्या कर्मचाऱ्याने जपून ठेवलेल्या छापील कागदांवरून, ओळ न् ओळ पुन्हा टाइप करून.

घड्याघड्यांचे कागद. वाचलं आणि पोटात खड्डाच पडला.

जॉर्जही बचावलाय म्हणा. खोलीभर मशिनवर चालणारा हा बाबाजी आज इम्युलेटरच्या मदतीने तळहाताएवढ्या रास्पबेरी पायवर चालतो. मी तो व्हिडिओ पाहिला. स्क्रीनवर नुसती अक्षरं उमटत होती आणि मी येड्यासारखी रडत होते. कारण जॉर्ज वाचला. पण आजोबा रात्र-रात्र जागून त्याच्याकडून काय करून घ्यायचे, ते मी किलोवर विकलं. कदाचित नुसते पगाराचे हिशोब असतील. तरी ते त्यांचे होते. आणि विचारायला आजोबा होते, तेव्हा मी कानात इअरफोन घालून बसायचे.

आजीला सगळं सांगितलं. ती काही बोलली नाही. उठली, पाककृतींच्या वहीतून खूण म्हणून ठेवलेलं एक कार्ड काढून माझ्या हातात दिलं. एका बाजूला चौकोनी भोकं. मागे आजोबांच्या अक्षरात: साखर दोन किलो, रवा अर्धा किलो, उदबत्ती.

‘काय गं,’ आजी म्हणाली, ‘त्यांचा तो जॉर्ज शेवटी होता तरी कोण?’

या वेळी मी फोनचं रेकॉर्डिंग चालू केलं आणि म्हटलं, ‘आधी तू सांग. तुला त्याच्याबद्दल काय काय आठवतं?’