दंडावरचा पट्टा

रक्तदाब मोजायचा पट्टा मी पहिल्यांदा पाहिला तो आजोबांच्या दंडावर. आमचे फॅमिली डॉक्टर घरी आले की लांबट पेटी उघडत, रबरी फुगा दाबत आणि काचेच्या नळीतला पारा सरसर चढे. रिवा-रोची या इटालियन डॉक्टरांनी 1896 साली हे पाऱ्याचं यंत्र सुचवलं. 1905 मध्ये कोरोत्कोव या रशियन सर्जननं स्टेथोस्कोप लावून आवाज ऐकायची रीत दिली. प्रेशर ही म्हातारपणाची गोष्ट, असंच आमच्या घरात धरून चालत.

बाबांच्या दंडाला तो पट्टा लागला थेट आयसीयूत, हार्ट अटॅक आल्यावर. पन्नाशी नुकतीच उलटली होती. ते वाचले. पण त्याआधी कित्येक वर्षं त्यांचं प्रेशर कुणी बघितलंच नव्हतं. दुखत काहीच नव्हतं ना!

माझी पाळी आली गरोदरपणात. आठव्या महिन्यात आकडा वाढला, गोळ्या सुरू झाल्या, बाळंतपणानंतर तो उतरला आणि फाईल माळ्यावर गेली.

चाळिशीत मी दुखण्याआधीच हृदयाकडे लक्ष देणारे डॉक्टर शोधू लागले. एका ठिकाणी जिना चढून आल्या आल्या, बोलता बोलता पट्टा गुंडाळला, ईसीजी काढला आणि ‘बिनधास्त राहा’ म्हणून पाठवलं. नंतर भेटलेल्या डॉक्टर बाईंनी आधी पाच मिनिटं गप्प बसवलं. पाठ टेकलेली, पाय जमिनीवर, हात छातीच्या उंचीला. दोन्ही दंडांवर मोजलं. मग विचारलं, “वडिलांना कितव्या वर्षी अटॅक आला?” आणि लगेच, “गरोदरपणात प्रेशर वाढलं होतं?”

हे मला आजवर कुणीच विचारलं नव्हतं. गरोदरपणात ज्यांचा रक्तदाब वाढतो, त्यांना पुढे हृदयविकाराचा धोका जास्त असतो. त्यात आपण दक्षिण आशियातले: 52 देशांतल्या इंटरहार्ट पाहणीत आपल्या भागातल्या लोकांना पहिला झटका सरासरी 53व्या वर्षी आलेला दिसला, इतरांना 59च्या आसपास. बाईंनी कंबरही मोजली. आपल्या बायकांची ती 80 सेंटिमीटरच्या आत हवी. रक्तातलं, हृदयविकाराचा धोका वाढवणारं लायपोप्रोटीन-ए तपासायला लावलं. ते आनुवंशिक असतं, बहुतेकांना जन्मात एकदा तपासलं तरी पुरतं.

मैत्रिणींनो, डॉक्टर निवडताना ते काय काय विचारतात ते ऐका. आणि पहिल्या भेटीला जाताना बाळंतपणाची जुनी फाईल शोधून सोबत न्या; त्यांनी मागितली नाही तरी पुढे ठेवा.