दिग्व्रत घेण्याआधी



मागच्या महिन्यात थालिपिठाच्या भाजणीची कृती दिली, तेव्हा शेवटी म्हटलं होतं की या वेळी मी ती दुप्पट का केली ते पुढच्या वेळी सांगेन. तर सांगते. फेब्रुवारीत मी कोस्टा रिकाला चालले आहे. चार आठवडे, एकटी. सकाळी स्पॅनिशचा वर्ग, एक दिवसाआड समुद्रात फळीवर उभं राहायला शिकायचं, म्हणजे सर्फिंग, आणि जोडीला थोडा योग. वय चोपन्न.

वाचून काहीजणींनी चष्मा पुसला असेल. आमच्या ह्यांनीही पुसला होता.

मी आजवर कुठे गेलेच नाही असं नाही. शिखरजी झालं, गिरनार झालं, २०१८च्या महामस्तकाभिषेकाला श्रवणबेळगोळला जाऊन आले. पण प्रत्येक वेळी पन्नास माणसांची बस आणि पहाटे तीनला उठून दशम्या करणाऱ्या आम्ही सहाजणी. परदेशी गेले तीही लेकीच्या बाळंतपणाला. तीन महिन्यांत अमेरिका पाहिली ती स्वयंपाकघराच्या खिडकीतून. एकटीने बाहेर बसून मी एक वेळचं जेवणसुद्धा कधी जेवलेले नाही.

स्पॅनिशचं वेड तिथलंच. लेकीच्या इमारतीत साफसफाईला एक बाई यायच्या, माझ्याच वयाच्या, मूळच्या कोस्टा रिकाच्या. मला त्यांची भाषा येत नव्हती, त्यांना माझी नाही, आणि इंग्रजी दोघींचंही बेतास बात. तरी रोज दहा मिनिटं आम्ही गप्पा मारायचो. साबण दाखवला की त्या म्हणायच्या ‘हाबोन’. किल्लीला ‘यावे’, तेव्हा मला आपली चावी आठवायची. आपल्याकडे हे शब्द पोर्तुगिजांबरोबर आले आणि पोर्तुगीज ही स्पॅनिशची सख्खी बहीण, हे नंतर वाचलं. निघताना त्यांनी मला मिठी मारून बरंच काही सांगितलं. त्यातलं मला एक अक्षर कळलं नाही. ते फार लागलं मनाला.

परत आल्यावर फोनवर शिकायला लागले. रोज वीस मिनिटं, सामायिक झाल्यावर. ‘ओला’ म्हणजे नमस्कार, आणि लाट या शब्दाचाही उच्चार तोच, ‘ओला’. मराठीत ओला म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊकच आहे, त्यामुळे तो धडा मी एकदम पास. ‘सोय’ म्हणजे ‘मी आहे’. हे ऐकून मी एकटीच हसले. घरातली बाई म्हणजे सगळ्यांची सोय, हे त्यांना कुणी सांगितलं असेल?

पण खरी गंमत पुढे आहे. आपल्या ‘असणे’ला त्यांच्याकडे दोन क्रियापदं आहेत. मी बाई आहे, मी शाकाहारी आहे, म्हणजे माणूस मुळात काय आहे, त्याला एक. मी दमले आहे, मी घरात आहे, म्हणजे आत्ताची अवस्था, त्याला दुसरं. मला लगेच पाठशाळेतलं द्रव्य आणि पर्याय आठवलं. अगदी तंतोतंत जुळत नाही, अपवाद पुष्कळ आहेत, पण एक अपवाद ऐका. ‘तो मेला आहे’ असं म्हणताना ते लोक दुसरं क्रियापद वापरतात, अवस्थेचं. मरणसुद्धा अवस्थाच. हे मी आईंना, म्हणजे माझ्या सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, “मग एवढं सांगायला तिकडं कशाला जायला पाहिजे? ते आपल्यात आहेच की.”

तर आईंविषयी. आई एकोणऐंशी वर्षांच्या आहेत. २००४ साली त्यांनी महाराजांकडून दिग्व्रत घेतलं. पूर्वेला शिखरजी, पश्चिमेला गिरनार, दक्षिणेला श्रवणबेळगोळ, उत्तरेला हस्तिनापूर, यापलीकडे आयुष्यभर जायचं नाही. नातीला मुलगा झाला तेव्हा तिने किती विनवलं, मी तिकीट काढायला तयार होते, पण आई हलल्या नाहीत. पणतू दोन वर्षांचा होऊन सांगलीला आला तेव्हा त्यांनी त्याला पहिल्यांदा मांडीवर घेतलं. मधल्या दोन वर्षांत त्या कधी कुरकुरल्या नाहीत. फोनवर त्याला पाहून झालं की पदराने फोनची काच पुसून ठेवायच्या.

अशा बाईला मी कोणत्या तोंडाने सांगायचं, की मी अर्धं जग ओलांडून लाटांवर उभं राहायला चालले आहे? तेही कुणाच्या बाळंतपणाला नाही, यात्रेला नाही, नुसतं मला वाटलं म्हणून?

त्यात गोष्ट अशी, की पंचावन्न पूर्ण झाल्यावर मीही दिग्व्रत घ्यायचं असं आमचं दोघींचं कधीचं ठरलंय. आई ऐकून म्हणाल्या, “उद्या उपास म्हणून आज पोट फुटेस्तोवर पुरणपोळी खातात, तसं झालं हे.” तीन दिवस मला ते बोलणं टोचत होतं, कारण ते खोटं नव्हतं. तृष्णा आहेच. नाही म्हणणार नाही.

तरी एक सांगते, पटतं का पाहा. आईंनी सीमा आखल्या तेव्हा त्या चारही टोकांना जाऊन आल्या होत्या. पलीकडे काय सोडतोय ते ठाऊक असून त्यांनी सोडलं. माझी सीमा घर, बाजार आणि बस्ती एवढीच होती, पण ती मी कधी आखली नव्हती. मुलं लहान, मग सासऱ्यांचं आजारपण, मग दुकान, मग बाळंतपणं. जी मुळी जाऊच शकत नव्हती तिने ‘जाणार नाही’ म्हणण्यात त्याग कुठला? हे मी आईंना बोलले नाही. इथे लिहिते आहे, आणि त्या हे वाचतात हेही मला माहीत आहे.

दुसरा प्रश्न समुद्राचा, आणि तो मला जास्त अवघड गेला. पाण्याची भीती माझ्या हाडात होती. २०१९च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी आमच्या गल्लीत शिरलं तेव्हा आईंना बोटीत चढवताना माझा पाय निसटला आणि मी गळ्यापर्यंत पाण्यात गेले. पुढे कोरोना ओसरल्यावर महिलांच्या बॅचला नाव घालून पोहायला शिकले. तेव्हापासून पाण्यात शिरले की वाटतं, ही एक जुनी बाकी आहे, ती फेडायची. पण वाटणं वेगळं आणि श्रावकाचार वेगळा. विनाकारण जमीन खणणं, पाणी उडवणं, झाडं तोडणं हे सगळं अनर्थदंडात येतं, प्रमादचर्येत. आणि सर्फिंग म्हणजे दुसरं काय? न गाळलेल्या पाण्यात मौजेसाठी तासभर धडपडणं. इथे पळवाट नाही.

चातुर्मासात माताजींकडे गेले आणि हे सगळं जसंच्या तसं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून विचारलं, “परवानगी मागायला आलीस की नियम घ्यायला?” परवानगी मिळणार नाही हे मला कळलं. मग नियम घेतला. चार आठवड्यांत समुद्रात दहाच वेळा उतरायचं, अकरावी वेळ नाही. त्या महिन्यात अंघोळीला रोज एकच बादली. परत आल्यावर प्रायश्चित्त त्या देतील ते. कुणाला ही मखलाशी वाटेल. मलाही अधूनमधून वाटते.

आता तयारीचं सांगते, कारण तुम्हाला त्यातच रस असणार.

गाव ठरवलं सामारा, कोस्टा रिकाच्या पॅसिफिक किनाऱ्यावरचं, निकोया द्वीपकल्पात. समोर खडकाची रांग असल्यामुळे खाडीतल्या लाटा बेताच्या, नवशिक्यांना झेपणाऱ्या, आणि भाषेचे वर्ग किनाऱ्यालगतच. देश हाच का, याला एक कारण त्या बाई, आणि दुसरं म्हणजे या देशाने १९४८ साली आपलं सैन्यच मोडीत काढलं. हे ह्यांना सांगितल्यावर त्यांचा विरोध अर्धा गळाला.

फेब्रुवारी घेतला कारण त्यांचा पावसाळा साधारण मे ते नोव्हेंबर, म्हणजे आपला चातुर्मासही त्यातच. शाळेच्या पत्रात फेब्रुवारीला ‘उन्हाळा’ लिहिलेलं पाहून मी गोंधळले होते. तिकडे कोरड्या महिन्यांना उन्हाळा आणि पावसाच्या महिन्यांना हिवाळा म्हणतात.

रात्रीभोजनाचं मात्र सोपं झालं. तो प्रदेश विषुववृत्ताच्या जवळ, त्यामुळे वर्षभर सूर्य सहाच्या आगेमागेच मावळतो. भरती-ओहोटीप्रमाणे सर्फिंगची वेळ रोज बदलते. ती दुपारी उशिरा आली तर जेवण चुकणार, म्हणून मी फक्त सकाळच्या आणि दुपारी लवकरच्या वेळा मागितल्या. विमानाच्या दिवसाचं कोडं मात्र सुटलं नाही. पश्चिमेकडे उडताना सूर्य मावळतच नाही म्हणतात, मग दिवस कुठला धरायचा? सरळ उपवास करणार आहे, आपल्या घड्याळाने.

जेवणात त्यांचा मुख्य पदार्थ भात आणि काळा घेवडा एकत्र परतून केलेला, ‘गायो पिंतो’. आपल्याला चालेल असं वाटतं ना? पण त्यात कांदा असतो, आणि कुठे कुठे घेवडा डुकराच्या चरबीत परततात. बटाटा, गाजर, बीट आणि युका नावाचं कंद जिथे तिथे. म्हणून मी पहिली वाक्यं पाठ केली ती ‘सिन सेबोया, सिन आहो, सिन पापा, सिन उएवो’. कांदा नको, लसूण नको, बटाटा नको, अंडं नको. केळी, पपई, अननस, मक्याच्या पोळ्या भरपूर. बंगळुरूकडे सीमे बदनेकायी मिळते ना, ती मूळची त्याच बाजूची. तिथे तिला ‘चायोते’ म्हणतात.

राहायला एखाद्या कुटुंबात ठेवतात, भाषा लवकर येते म्हणून. खूप मोह झाला. पण ज्या कढईत मासे तळले तिच्यात माझी भाजी, हे मला जमणार नाही आणि रोज त्यांच्या घरात बसून नाक मुरडणंही बरं दिसणार नाही. एक शेगडी असलेली खोली घेतली. भाषा थोडी कमी येईल.

फळीवर पाय घसरू नये म्हणून मेण चोळतात, आणि पुष्कळशा मेणात मधमाश्यांचं मेण असतं. शाळेला कळवलं. उत्तर आलं की नवशिक्यांच्या फोमच्या फळ्यांना वरून खरखरीत असल्यामुळे मेण लागत नाही, आणि हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. अंगभर कपडे, वर लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा. तेवढं झाकलं जातं आणि उन्हापासूनही बरं.

योगाबद्दल फार लिहीत नाही. आपल्याकडून गेलेली गोष्ट पैसे भरून शिकायची, पण पालथं पडून हातांनी पाणी मारलं की खांदे धरतात म्हणे, म्हणून घेतला. घरी सतरंजीवर सराव चालू आहे. पालथं झोपायचं, तळवे छातीशी, भुजंगासनासारखं वर यायचं आणि एका उडीत पाय खाली घेऊन उभं राहायचं. माझी एक उडी तीन भागांत होते. सून व्हिडिओ काढते.

पैसे चार वर्षांच्या भिशीचे आहेत, दुकानाचे नाहीत. हे मी ह्यांना दोनदा सांगितलं, तुम्हालाही सांगते.

परवा संध्याकाळी अंथऊ झाल्यावर आईंनी पणतवाचा पृथ्वीचा गोल मागवला. म्हणाल्या, “दाखव कुठं ते.” दाखवलं. सांगलीवर एक बोट, सामाराला दुसरं. बराच वेळ गोल इकडून तिकडे फिरवत राहिल्या. मग विचारलं, “हे पश्चिमेला म्हणायचं की पूर्वेला?” मी म्हटलं, “आई, जवळजवळ अर्धं जग आहे. कुठूनही गेलं तरी पोचतंच.” त्या हसल्या. “मग तू कुठली दिशा मोडलीस म्हणून सांगायचं गं तेव्हा?”

काल दुपारी त्यांनी पाणी गाळायचं नवं फडकं दुपदरी शिवून, कडा दुमडून माझ्या बॅगेवर ठेवलं. काही बोलल्या नाहीत.

आता राहिली पाणी उकळायची किटली. तिथे वीज १२० व्होल्टची, त्यामुळे आपली किटली नीट तापणार नाही. दोन्हीकडे चालणारी, लहानशी, कुणी वापरली असेल तर कळवा. अजून सहा आठवडे आहेत.