सव्वाशे मीटर दोरा

माझ्या काचेच्या कपाटाला घरात ‘शेवाळं’ म्हणतात. नाव हिनं ठेवलंय आणि ते काही खोटं नाही. आत सोळा रणगाडे आहेत. सगळे हिरवे, खाकी नाहीतर मळकट पिवळे. नगरात राहून प्रतिकृती करायचा नाद लागल्यावर दुसरं काय होणार? 1994 मध्ये इथं रणगाडा संग्रहालय उघडलं तेव्हा मी नागापूर एमआयडीसीत लेथवर होतो. सुट्टीच्या दिवशी सायकल काढायची, मॅटिल्डा, विजयंता, 65 च्या लढाईत हाती लागलेला पॅटन, असा एकेक डोळ्यांनी मोजायचा आणि घरी येऊन कागदावर उतरवायचा. त्याच्याही आधीपासून के. के. रेंजवर लष्कराचा सराव सुरू झाला की आमच्या खिडक्यांच्या काचा वाजायच्या. के. के. म्हणजे खारे कर्जुने, हे फक्त बाहेरगावच्या पाहुण्याला सांगावं लागतं.

निवृत्त झाल्यावर हिनं फर्मान काढलं, “आता रंगीत काहीतरी करा, नाहीतर कपाट माळ्यावर जाईल.”

खरं तर नगरच्या माणसानं ‘निशांत’ करायला हवं होतं. या वैमानिकाविना उडणाऱ्या टेहळणी विमानाला देशी वँकेल इंजिन बसवलं गेलं, त्यात इथल्या व्हीआरडीई या लष्करी वाहन संशोधन संस्थेचा वाटा होता. मार्च 2009 मध्ये कोलारजवळ ते इंजिन घेऊन निशांत उडालं, तेव्हा आमच्या शॉपमध्ये पेढे वाटण्याची भाषा झाली होती. वाटले कुणीच नाहीत. वँकेलमध्ये पिस्टन वरखाली होत नाही, तिकोनी रोटर फिरतो. लेथवाल्याला ते जवळचं वाटतं. पण टेहळणीच्या विमानाला दिसून चालत नाही. म्हणजे पुन्हा मळकट रंगच.

म्हणून ‘लक्ष्य’ निवडलं. बंगळुरूच्या एडीई या विमान संशोधन संस्थेनं बनवलेलं, हेही वैमानिकाविना उडणारं जेट विमान तोफा आणि क्षेपणास्त्रांच्या सरावासाठी हवेत सोडतात. पहिलं उड्डाण 1985 चं, हवाई दलात दाखल झालं 2000 साली. आधी फ्रेंच इंजिन होतं, पुढं एचएएलनं आपलं पीटीएई-7 तयार केलं. धावपट्टी लागत नाही. मागं रॉकेट लावून मांडवावरून फेकल्यासारखं सोडतात, रॉकेट जळून गळून पडलं की जेट पुढचं काम बघतं. आणि रंग? तांबूस शेंदरी, भर दुपारीही नजरेत भरेल असा.

या विमानाचं तयार किट मला मिळालं नाही. आराखडाही नव्हता, होते ते वर्तमानपत्रांतले फोटो. एका फोटोत विमानाशेजारी एक माणूस उभा होता, त्याची उंची साडेपाच फूट धरली आणि बाकी सगळं त्रैराशिकानं काढलं. प्रमाण एकास बारा. धड म्हणजे नळवाल्याकडचा 40 मिमीचा पीव्हीसी पाइप. नाक एका ओळखीच्या वर्कशॉपमध्ये जाऊन सागवानाच्या तुकड्यातून लेथवर काढलं. चाळीस वर्षांत एवढ्या प्रेमानं टर्निंग कधी केलं नव्हतं; चहा दोनदा गार झाला. पंख पातळ प्लायचे, कानशीनं धार काढून. धडाच्या पोटाखाली इंजिनाचं वेगळं नळकांडं लटकतं, ते जुन्या टॉर्चचं केलं. जोडांवर गाडीच्या डेंटिंगवाल्याकडची लांबी भरली, घासली, परत भरली.

रंगाला लागलो आणि तिथं नाक कापलं गेलं. फ्लुरोसंट केशरी डबा आणला, ब्रश घेतला आणि सरळ करड्या पाइपवर ओढला. वाळल्यावर जे दिसलं ते सांगण्यासारखं नाही. शिळ्या गाजर हलव्याचा रंग. दुसरा हात दिला तर नुसते ओघळ आले. तीन दिवस रोज हात देत होतो आणि रोज जास्त मळकट होत होतं. हिनं फक्त “रंगीत म्हटलं होतं” एवढंच म्हटलं.

शेवटी ते विमान पिशवीत घालून मी गणपतीच्या कारखान्यात गेलो. नगरात कारखाना म्हटलं की एकतर एमआयडीसी, साखरेचा, नाहीतर गणपतीचा. मे महिना होता, मूर्ती अजून पांढऱ्याफेक रांगेत बसलेल्या. तिथले रंगारी मामा माझ्या ओळखीचे. त्यांनी विमान हातात घेतलं, नखानं खरवडलं आणि माझ्याकडं असं बघितलं की माझं वय दहा वर्षांचं झालं.

“काका, खाली पांढरा दिलाच नाही?”

मग त्यांनी शिकवलं. हा रंग स्वतः फार झाकत नाही. उजेड त्याच्यातून आत जातो, खालच्या पांढऱ्यावर आपटतो आणि परत येतो, तेव्हा तो पेटतो. खाली करडं असलं की उजेड तिथंच मरतो. कागदावरचं शास्त्र त्यात आणखी भर घालतं, हे मला नंतर वाचून कळलं: न दिसणारे अतिनील किरण गिळून हा रंग ते केशरी करून बाहेर टाकतो, म्हणून पडलेल्या उजेडापेक्षा तो जास्त भगभगीत वाटतो. उन्हात ठेवला तर हळूहळू उडतो, हेही मामांनी आधीच सांगून टाकलं. “म्हणून आम्ही पितांबराला मारतो, मूर्ती दहा दिवसांचीच असते.”

सगळं घासून काढलं. पांढऱ्याचे दोन हात, तेही मामांच्या स्प्रे गननं. मग केशरी, तोही तीन पातळ हातांत. चौथ्या फवाऱ्याला मी हात पुढं केला तर त्यांनी गन मागं घेतली.

वाळत होतं तेव्हा मामांनी विचारलं, “एवढं चटकदार करायचं आणि वर गोळ्या घालायच्या?”

मला वाटायचं तेच मी सांगितलं, नेम धरायला सोपं जावं म्हणून. पण बोलता बोलता मलाच ते पटेना. कारण लक्ष्यवर थेट नेम बहुतेक वेळा धरतच नाहीत. त्याच्या पंखाखाली एक लहानसं शेपूट असतं, ते दीड किलोमीटर लांब तारेवर मागं सोडतात. रडारला दिसायचं ते शेपूट, गोळा जायचा तो त्याच्यावर. विमान पुढं सुखरूप. काम झालं की ते इंजिन बंद करतं, पॅराशूट उघडतं आणि ओडिशात चांदीपूरच्या समोर समुद्रात उतरतं. तरंगत राहतं. मग बोट जाऊन ते शोधून आणते आणि धुऊनपुसून परत उडवतात. निळ्या-करड्या लाटांत हातभर तुकडा जरी वर दिसत असला तरी बोटवाल्याला सापडला पाहिजे. एवढा भडकपणा त्यासाठी.

मामा हसले. “आमचं पाण्यात सोडायला, तुमचं पाण्यातनं काढायला.”

घरी आल्यावर एक हिशोब डोक्यात बसला आणि उठेना. एकास बारा प्रमाणात दीड किलोमीटरची तार म्हणजे सव्वाशे मीटर. कपाटात शेपूट विमानाला चिकटूनच ठेवावं लागणार, म्हणजे ज्या गोष्टीसाठी हे विमान आहे तीच दिसणार नाही. आणखी एक: डिसेंबर 2010 मध्ये लक्ष्य-2 ची चाचणी झाली तेव्हा ते समुद्रावर 15 मीटरपर्यंत खाली आलं होतं. माझ्या मापात सव्वा मीटर. छातीच्या थोडं खाली.

एका रविवारी सकाळी शेजारच्या पोराला हाक मारली. त्याच्या हातात विमान दिलं, सव्वा मीटरवर धरायला सांगितलं. छाती सांगून भागेना, त्याचं ते डोकंच होतं, म्हणून त्यानं ते डोक्यावर धरलं. मी शिवणाच्या काळ्या दोऱ्याचा रीळ उलगडत गल्लीतून मागं मागं निघालो. दोऱ्याच्या टोकाला खडूचा तुकडा, तेच शेपूट. आमचं फाटक, पाण्याची टाकी, पिठाची गिरणी. गिरणीपाशी थांबून मागं पाहिलं तर पोरगं दिसत होतं, पण पंख कळेनासे झाले होते. दूधडेअरीच्या कोपऱ्यावर पावलं मोजून सव्वाशे मीटर भरले. दोरा दिसेनासा झाला होता. बोटांना ताण लागत होता म्हणून तो आहे एवढंच. पोराचा शर्ट, टाकी, भिंती सगळं एकात एक मिसळलेलं, आणि त्यात वेशीवरच्या मारुतीसारखा एक शेंदरी ठिपका तेवढा वेगळा. गोळा जिथं जायचा तिथून त्याच्यापर्यंत हे एवढं अंतर. खडूकडे बघितलं, मग ठिपक्याकडे. त्या दोघांचं नातं आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं.

डेअरीतून दुधाचे कॅन लावलेली मोटारसायकल निघाली. मी ओरडून दोरा उंच धरला. दूधवाला मान वाकवून खालून गेला, पुढं जाऊन थांबला आणि आकाशात बघत राहिला.

“काका, पतंग कुठंय?”

मी गल्लीच्या दुसऱ्या टोकाकडं बोट केलं.