ब्रुकलँड्सचा मार्ग आणि एका मोटारीची वंशावळ

लंडनला जाणारे आपल्याकडील लोक ब्रिटिश म्यूझियम पाहतात, थेम्सवरील पूल पाहतात, आणि सवड उरल्यास ऑक्सफर्डला एक फेरी टाकून परत येतात. ब्रुकलँड्सचें नांव त्यांच्या यादींत सहसा नसतें. आमच्याहि नव्हतें. रूपावलि आणि समासचक्र पढविण्यांत ज्यांचें आयुष्य गेलें, त्यांस मोटारींच्या शर्यतीच्या जागेशीं कर्तव्य तें काय? परंतु आमचा एक भाचा तिकडे यंत्रांच्याच व्यवसायांत आहे. गेल्या उन्हाळ्यांत तो आम्हांस म्हणाला, “मामा, मोटारींसाठीं नका येऊं हवें तर, पण एखादी वस्तु तीच कीं दुसरी, या वादाचा मोठा दाखला तेथें आहे. तो विषय तुमच्या शास्त्राचा आहे.” शास्त्राचें नांव निघाल्यावर आम्हांस नाहीं म्हणतां येईना.

लंडनच्या वॉटर्लू स्टेशनावरून नैर्ऋत्येकडे जाणाऱ्या आगगाडीनें अर्ध्या-पाऊण तासांत वेब्रिज हें सरे परगण्यांतील गांव येतें. तेथून पायीं गेल्यास थोड्याच वेळांत ब्रुकलँड्सचें आवार लागतें. दोहों बाजूंस दाट झाडी, मध्येंच घरांची वस्ती, आणि एकाएकीं झाडांतून वर आलेला काँक्रीटचा प्रचंड तट! प्रथमदर्शनीं तो एखाद्या पडक्या धरणाची भिंत असावी असेंच वाटतें. जवळ गेल्यावर कळतें कीं ही भिंत नसून रस्ता आहे. एका कडेनें उचलून तिरपा उभा केलेला रस्ता.

त्याची हकीकत अशी. १९०३ च्या कायद्यान्वयें इंग्लंडांत सार्वजनिक रस्त्यावर ताशीं २० मैलांहून अधिक वेगानें मोटार हांकणें हा गुन्हा होता. फ्रान्समध्यें रस्ते अडवून शर्यती होत, इंग्रज कारखानदारांस मात्र आपल्या गाड्यांची परीक्षा घेण्यास जागा नव्हती. तेव्हां ह्यू लॉक किंग नामक एका धनिकानें स्वतःच्या जमिनींत, सुमारें दीड लाख पौंड खर्चून, पावणेतीन मैलांच्या घेराचा आणि शंभर फूट रुंदीचा काँक्रीटचा मार्ग बांधविला. वळणावर वेगवान गाडी बाहेर फेकली जाऊं नये म्हणून रस्त्याची बाहेरची कड जवळजवळ तीस फूट उंच उचलली. १७ जून १९०७ रोजीं हा मार्ग खुला झाला. उद्घाटनाच्या मिरवणुकींत सर्वांत पुढची मोटार लॉक किंग यांच्या पत्नी एथेल यांनीं स्वतः हांकली, ही गोष्ट आमच्या भगिनीवर्गानें ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. मोटारींच्या शर्यतीसाठींच मुद्दाम बांधलेला, कललेल्या वळणांचा असा मार्ग त्यापूर्वीं जगांत कोठेंहि नव्हता.

आज तेथें शर्यत होत नाहीं. शेवटची १९३९ च्या ऑगस्टांत झाली. पुढें महायुद्ध आलें. शेजारच्या कारखान्यांतून विमानें बाहेर पडूं लागलीं, आणि त्यांच्या सोयीसाठीं तटास ठिकठिकाणीं खिंडारें पाडलीं गेलीं. युद्धानंतर मार्ग विमानांच्या कारखानदारांस विकला गेला. जें उरलें त्याचें जतन व्हावें म्हणून १९९१ पासून येथें संग्रहालय चालतें. क्लबाची जुनी वास्तु, गाड्यांच्या चढण्याची शक्ति पाहण्यासाठीं १९०९ सालीं केलेली चढण, आणि ‘मेंबर्स बँकिंग’ या नांवाचा तटाचा तुकडा अजून उभा आहे. काँक्रीटच्या भेगांतून गवत उगवलें आहे, शेवाळ चढलें आहे. पण तें काँक्रीट १९०७ चेंच आहे. आम्हीं त्यावर हात टेकून पाहिलें. उभें राहूं जावें तर पाय घसरतो. येथून ताशीं शंभर मैलांहून अधिक वेगानें माणसें गेलीं, हें डोळ्यांनीं जागा पाहिल्यावांचून खरें वाटत नाहीं.

भाचा म्हणाला, “मामा, वर ती कड दिसते ना? गाडी तेथून पलीकडे गेली.”

ज्या गाडीविषयीं तो बोलत होता तिला ‘ओल्ड नंबर वन’ म्हणतात. ती येथें उभी नाहीं. येथें आहे ती तिच्या चरित्रांतील एक जागा. तें चरित्र थोडक्यांत सांगितलें पाहिजे.

डब्ल्यू. ओ. बेंटले यांनीं १९१९ सालीं मोटारींचा कारखाना काढला. त्यांच्या ‘स्पीड सिक्स’ या जातीच्या गाडीस सहा सिलिंडरांचें, साडेसहा लिटरचें एंजिन असे. कंपनीस पैशाची चणचण नेहमींची. ती भागवीत असे वुल्फ बार्नाटो. किंबर्लेच्या हिऱ्यांच्या खाणींवर ज्यानें अपार संपत्ति मिळविली, त्या बार्नी बार्नाटोचा हा मुलगा. तो कंपनीचा अध्यक्षहि होता आणि स्वतः उत्तम सारथीहि होता. फ्रान्समधील ल माँ येथें दरसाल सलग २४ तासांची शर्यत होते. १९२९ सालीं बार्नाटो आणि सर हेन्री बर्किन या जोडीनें ‘स्पीड सिक्स’ गाडी घेऊन, २,८०० किलोमीटरांहून अधिक अंतर तोडून ती जिंकली. तिच्यामागून आलेल्या तीनहि गाड्या बेंटलेच होत्या. पुढल्या वर्षीं तीच गाडी, बार्नाटो तोच, जोडीस ग्लेन किडस्टन, पुन्हा जय. त्या वेळीं जर्मन मर्सिडीजनें प्रथम चुरशीची झुंज दिली, पण रात्रीं ती बंद पडली. एकाच गाडीनें ती शर्यत दोनदां जिंकावी, असें त्यापूर्वीं घडलें नव्हतें. ‘ओल्ड नंबर वन’ हें नांव सार्थ झालें.

१९३१ सालीं बेंटले कंपनी बुडाली आणि अखेर रोल्स-रॉइसच्या हातीं गेली. गाडी मात्र थांबली नाहीं. त्याच सालीं ब्रुकलँड्स येथील ५०० मैलांची शर्यत जॅक डनफी आणि सिरिल पॉल यांनीं तिच्यावर जिंकली. सरासरी वेग ताशीं ११८ मैलांहून अधिक पडला. वेगाची तहान अशी कीं पुढल्या वर्षीं बार्नाटोनें तींत आठ लिटरचें मोठें एंजिन बसविलें. २४ सप्टेंबर १९३२ रोजीं त्याच शर्यतींत जॅकनें आपली पाळी संपवून गाडी धाकटा भाऊ क्लाइव्ह याच्या स्वाधीन केली. मेंबर्स बँकिंगवर गाडी वर वर चढत गेली, चाकें कडेपलीकडे गेलीं, आणि क्षणांत सर्व आटोपलें. क्लाइव्ह डनफी जागच्या जागीं ठार झाला. आम्ही जेथें उभे होतों तेथूनच ती कड दिसते. वरच्या झाडांत पांखरें बोलत होतीं.

मोडक्या गाडीचें काय करावें? बार्नाटोनें ती पुन्हा बांधविली. पण आतां शर्यतीसाठीं नव्हे. बंद टपाची रस्त्यावर चालण्याची गाडी तिच्यापासून झाली. पुढें ती हातोहात मालक बदलीत गेली, आणि पुष्कळ वर्षांनीं तो टप उतरवून तिला पुन्हा उघड्या शर्यतीच्या गाडीचा वेष देण्यांत आला. अखेरीस १९९० सालीं तिच्या मालकानें ती मिडलब्रिज सिमिटर नांवाच्या कंपनीस विकण्याचा करार केला. किंमत ठरली सुमारें एक कोटी पौंड! मग खरेदीदारांच्या मनांत किंतु आला. ते म्हणाले, ही ‘ओल्ड नंबर वन’ नव्हेच. आम्ही पैसे देत नाहीं. प्रकरण लंडनच्या उच्च न्यायालयांत न्यायमूर्ति ऑटन यांच्यापुढें गेलें.

न्यायमूर्तींनीं गाडीचा सांधान् सांधा तपासून घेतला. निष्पन्न काय झालें? १९२९ सालीं ल माँ जिंकणाऱ्या गाडीचा जवळजवळ एकहि भाग शिल्लक नव्हता. १९३० च्या गाडीपैकीं पायांनीं दाबावयाच्या पट्ट्यांचा दांडा, गिअरपेटीचें कवच आणि स्टीअरिंगचा दांडा, एवढेंच. एंजिन, सांगाडा, आंस इत्यादि जें कांहीं जुनें होतें तें १९३२ च्या, म्हणजे अपघाताच्या वर्षींच्या गाडीचें. इतकें झाल्यावर कोणीहि म्हणेल कीं खरेदीदारांचाच पक्ष खरा.

निकाल मात्र उलट लागला. न्यायमूर्तींनीं मान्य केलें कीं या गाडीस ‘मूळची’ म्हणतां येणार नाहीं. परंतु भाग बदलले ते ऐन शर्यतींच्या दिवसांत, एकामागून एक, चालत्या गाडींत; आणि प्रत्येक वेळीं जुन्या समूहानें नव्या भागास आपल्यांत सामावून घेतलें. अमुक दिवशीं ती गाडी संपली आणि दुसरी जन्मली असें दाखवितां येईल अशी फटच मध्यें नव्हती. शिवाय त्या नांवावर हक्क सांगणारी दुसरी गाडी जगांत नाहीं. म्हणून ही ‘ओल्ड नंबर वन’च होय, आणि करार खरेदीदारावर बंधनकारक आहे.

भाच्यानें विचारलें, “तुमचीं शास्त्रें काय म्हणतात, मामा?”

आम्हांस प्रथम मिलिंदप्रश्नांतील रथ आठवला. नागसेन भिक्षूनें ग्रीक राजा मिलिंद यास विचारलें होतें कीं रथ म्हणजे चाक काय, आंस काय, जूं काय? एकेक अवयव निराळा केल्यास रथ कोठेंच सांपडत नाहीं. त्या सर्वांच्या मेळास लोक रथ हें नांव देतात. पण त्यावर कोर्टांत निकाल देतां येत नाहीं. विक्री, वारसा आणि वांटणी यांचा निर्णय करणारें शास्त्र निराळें आहे. याज्ञवल्क्यानें मानवी प्रमाणें तीन सांगितलीं आहेत: लिखित, भुक्ति आणि साक्षी. कागद असावा, उपभोग चालत आलेला असावा, आणि पाहणारे असावेत. नुसता कागद असून भोग मुळींच नसेल तर त्यास बळ नाहीं. आणि पूर्वजांपासून क्रमानें चालत आलेला भोग तर लेखाच्याहि वरचढ ठरूं शकतो. या गाडीस तीनहि प्रमाणें लागू पडतात. बेंटले कारखाना आपल्या गाड्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी ठेवीत असे. या गाडीच्या सांगाड्यास एल्. बी. २३३२ हा क्रमांक, नोंदणीस एम्. टी. ३४६४ हा क्रमांक. हें झालें लिखित. बार्नाटोपासून पुढें एकाच्या हातून दुसऱ्याच्या हातीं ती गेली, ही भुक्ति. आणि जाणत्या तज्ञांनीं न्यायालयांत शपथेवर सांगितलें, ती साक्ष. चाकें गेलीं, एंजिन गेलें, टप गेला. हा क्रम मात्र कोठें तुटला नाहीं. जुन्या गाड्यांचे शोकी ज्या कागदांच्या पुडक्यास एवढें मोल देतात, त्याचें मर्म आम्हांस तेव्हां उमगलें. ते कागद विकत घेत नाहींत. क्रम विकत घेतात.

परंतु येथें एक गोष्ट आम्हांस राहून राहून वाटली, ती वाचकांपुढें ठेवल्यावांचून राहवत नाहीं. न्यायमूर्तींनीं गाडीचें ‘तेंच-पण’ मान्य केलें तेव्हां ल माँचे दोन्ही विजय तिच्या पदरांत पडले, आणि त्या विजयांमुळेंच तिचें मोल एक कोटी झालें. पण त्याच क्रमांत २४ सप्टेंबर १९३२ हि आहे. जो मालक म्हणेल कीं बार्नाटोची कीर्ति माझ्या गाडीची, त्यास क्लाइव्ह डनफीचा मृत्यूहि आपल्याच गाडीचा म्हणावा लागेल. किंबहुना गाडींत आज जें जुनें शिल्लक आहे त्यांतील बहुतेक विजयाच्या दिवसांचें नव्हे, त्या मृत्यूच्या वर्षाचें आहे. वारसा घेणाऱ्यास बापाचें धन आणि बापाचें ऋण दोन्हीं घ्यावीं लागतात, असें आमचें धर्मशास्त्र सांगतें. विजय ठेवून अपघात वगळणारी वंशावळ ही वंशावळ नव्हे, ती नुसती जाहिरात होय.

सायंकाळीं परत फिरण्यापूर्वीं आम्ही पुन्हा एकदां त्या तटाखालीं जाऊन उभे राहिलों. या तटाचें आणि त्या गाडीचें प्राक्तन किती उलट आहे! तटाचा कण न् कण मूळचा आहे, पण १९३९ नंतर त्यावर शर्यत झाली नाहीं. द्रव्य राहिलें, क्रम तुटला. गाडीचें द्रव्य बहुतेक गेलें आणि क्रम राहिला. तटास कोणी बनावट म्हणणार नाहीं, आणि तरी तो शर्यतीचा मार्ग राहिला नाहीं. गाडीस बनावट म्हणणारे कोर्टापर्यंत गेले, आणि हरले.

आपल्या घरांतूनहि जुन्या वस्तु असतात: कोणाकडे आजोबांचें संध्येचें तबक, कोणाकडे दोनदां कल्हई आणि एकदां नवें बूड लावलेला तांब्या. त्या मूळच्या किती आणि नव्या किती, हें मोजीत बसण्यापेक्षां त्या कोणाकडून कोणाकडे आल्या, केव्हां मोडल्या, कोणीं दुरुस्त करविल्या, हें चार ओळींत लिहून ठेवावें, अशी आमची वाचकांस सूचना आहे. त्यांत दुःखाच्या गोष्टी आल्या तर त्याहि लिहाव्या. ठाऊक असणारीं माणसें जिवंत आहेत तोंवरच साक्ष मिळते. पुढें कागदच काय तो बोलतो.