गोबरगॅसवरचं इंजिन आणि रस्त्यावरची गाडी

आमच्या गोठ्यात दहा संकरित गाई आहेत. रोज दीडशे किलोच्या आसपास शेण निघतं. तरंगत्या टाकीचा गोबरगॅस प्लँट बांधला तो स्वयंपाकासाठी. पंचवीस किलो ताज्या शेणापासून साधारण एक घनमीटर गॅस मिळतो, म्हणजे आमच्याकडे दिवसाला सहा घनमीटर. चुलीला दीड पुरतो. उरलेल्या गॅसनं टाकी पार वर यायची आणि कडेनं बुडबुडे सुटायचे. इकडे कडबाकुट्टीला आणि विहिरीवर चालणारं पाच एचपीचं इंजिन मात्र विकतचं डिझेल पीत होतं. हा वाया जाणारा गॅस इंजिनाला द्यायचा, असं ठरवलं.

तालुक्याच्या मिस्त्रींनी येऊन इंजिन पाहिलं. एअर फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या नळीला त्यांनी एक टी जोडला, त्याला गॅसचा पाइप आणि एक कॉक बसवला. बाकी इंजिनाला हात लावला नाही. "दादा, डिझेल पुरतं बंद करायचं नाही," ते म्हणाले, "नाहीतर गॅस पेटवणार कोण?" डिझेल इंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनं डिझेल पेटतं. गोबरगॅसमधल्या मिथेनला आपोआप पेटायला 540 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, तेवढं तिथं भरवशानं मिळत नाही. म्हणून डिझेलचा छोटासा फवारा आधी पेटतो आणि तो गॅसला पेटवतो.

इंजिन डिझेलवरच सुरू करायचं, तापू द्यायचं, मग कॉक हळूहळू उघडायचा. गॅस आत जाऊ लागला की इंजिनाचा वेग वाढू पाहतो आणि गव्हर्नर आपसूक डिझेल कमी करतो. आवाज मऊ होतो, धुराचा काळेपणा जातो. कॉक जास्त उघडला तर इंजिन अडखळतं, की लगेच थोडा मागे फिरवायचा. नीट जमलं तर डिझेलची गरज पाचव्या हिश्शावर येते. एका एचपीला तासाला अर्ध्या घनमीटरच्या आतबाहेर गॅस लागतो. त्या हिशेबानं आमचं इंजिन उरलेल्या गॅसवर जवळजवळ दोन तास चालतं. वैरण कापून होते आणि घासाला पाणीही बसतं.

हा गॅस शुद्ध नसतो, हे मात्र रोज ध्यानात ठेवावं लागतं. त्यात मिथेन 55 ते 65 टक्के, बाकी बहुतेक कार्बन डायऑक्साइड, शिवाय पाण्याची वाफ आणि सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड. हा शेवटचा वायू तांब्या-पितळेचे बुश खातो आणि ऑइल आम्लधर्मी करतो. त्यासाठी पाइपच्या वाटेत लेथवरच्या गंजलेल्या लोखंडी किसाचा डबा बसवला आहे. कीस काळा पडला की बाहेर काढून, ओला ठेवून, हवेत पसरायचा. तांबूस झाला की पुन्हा भरायचा. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी साठणारं पाणी सोडावं लागतं. ऑइल नेहमीपेक्षा लवकर बदलतो. थंडीत गॅस कमी पडतो, तेव्हा शेण कालवायला उन्हात तापलेलं पाणी घेतो.

इंजिनाचं बस्तान बसल्यावर गावातला प्रत्येक जण विचारू लागला, यावर ट्रॅक्टर कधी चालवणार? मलाही तेच हवं होतं. हिशेब केला. एक घनमीटर गॅस साधारण अर्ध्या लिटर डिझेलच्या कामाचा. ट्रॅक्टर तासभर नांगरटीला चार लिटर डिझेल घेत असेल, तर गॅस हवा आठ घनमीटर. दोन मीटर लांब, तितकीच रुंद आणि तितकीच उंच खोली भरेल एवढा! तो गाडीवर न्यायचा तर 200 बारपर्यंत दाबून जाड पोलादी सिलिंडरमध्येच भरावा लागतो. न गाळता दाबला, तर सिलिंडरची तिसऱ्या हिश्शाहून अधिक जागा न जळणारा वायू अडवतो आणि ओलसर सल्फाइड पोलाद आतून पोखरतं.

काही हौशी लोक घरगुती एलपीजीच्या टाकीत गोबरगॅस भरू पाहतात. तसं कुणीही करू नये. एलपीजी थोड्या दाबानं पातळ होतो. मिथेन साध्या तापमानाला कितीही दाबला तरी पातळ होत नाही, आणि ती टाकी एवढ्या दाबासाठी बनवलेलीच नसते. हा जिवाशी खेळ आहे.

गाळण्याची योग्य रीत पाहायला मी गुजरातेत बनासकांठा जिल्ह्यातल्या दामा गावी गेलो. बनास डेअरीचा तिथला प्रकल्प दिवसाला 40 टन शेणाचा आहे. आसपासच्या गावांतल्या शेतकऱ्यांकडून शेण किलोवर विकत घेतलं जातं. गॅसमधला कार्बन डायऑक्साइड आणि सल्फाइड काढून टाकतात, मग तो दाबून पंपावर गाड्यांत भरतात. मिथेन नव्वद टक्क्यांच्या वर गेला की हा गॅस सीएनजीसारखाच वापरता येतो, गाडीत काहीही बदल न करता. गॅस निघून गेल्यावर उरलेल्या शेणाचं, म्हणजे स्लरीचं, खत होतं. जिथं दूध गोळा होतं तिथं शेणही गोळा होऊ शकतं, हे तिथं डोळ्यांनी पाहिलं.

आपल्याकडे दूध संस्था आहेत, साखर कारखान्यांचं प्रेसमड, म्हणजे उसाच्या रसाचा गाळ, आहे. अशा गाळून दाबलेल्या गॅससाठी केंद्र सरकारनं 2018 मध्ये 'सतत' योजना आणली. आता शहरी गॅस कंपन्यांना 2025-26 पासून एक टक्का आणि 2028-29 पर्यंत पाच टक्के असा गॅस मिसळणं बंधनकारक केलं आहे. म्हणजे गिऱ्हाईक तयार आहे.

माझं मत पक्कं झालं आहे. कच्चा गॅस गोठ्याशेजारच्या बसत्या इंजिनाचा, गाडीसाठी मात्र शेण एकत्र करूनच गॅस गाळला आणि दाबला पाहिजे. एकट्या शेतकऱ्यानं कॉम्प्रेसर घेऊ नये. एक अट सोडू नये: शेण देणाऱ्याच्या रानात स्लरी परत आली पाहिजे, नाहीतर इंधनाच्या नादात माती उपाशी राहील. तुमच्या दूध संस्थेच्या पुढच्या वार्षिक सभेत हा विषय मांडा, आणि स्लरीची अट ठरावात लिहून घ्या.